चौथी ‘ब’ची शुक्रवारची तासिका

९ जानेवारी १९८९, सोमवार
आजपासून शिस्त. चार रंगांच्या स्केचपेनांनी शाळेच्या ग्रंथालयाचं वेळापत्रक केलं. पहिली ते चौथी, आठ वर्ग, प्रत्येकाला आठवड्याला एक तासिका. शनिवारी टेबलाचा खण आवरणे (तांबडा). असं वेळापत्रक अख्ख्या डिचोलीत कुणाकडे नसेल. हेडबाई, म्हणजे कमलाक्षीबाई, छान म्हणाल्या. वत्सलाबाई रजेवर, तेव्हा त्यांच्या दुसरीच्या वर्गावर जाऊन बसा, असंही म्हणाल्या. एका दिवसाचा तर प्रश्न.

१३ जानेवारी, शुक्रवार
चौथी ‘ब’ची तासिका झाली! नियम सांगण्यातच संपली. पालकांच्या सहीचा फॉर्म नाही, तर पुस्तक घरी नाही. सहा वर्षांत माझं एकही पुस्तक हरवलेलं नाही, ते उगाच नव्हे. मनीषा म्हणून एक मुलगी काचेच्या कपाटापुढून हलेना. कासवाचं पुस्तक हवंय. बाप खाणीच्या ट्रकावर क्लीनर, सिंधुदुर्गातली माणसं. फॉर्म आण म्हटलं.

१६ जानेवारी
पुन्हा दुसरीवर. जाता जाता दारात कुणी कागद हातात दिला, सही ठोकली, खणात टाकला. शनिवारी आवरणारच आहे.

२१ जानेवारी, शनिवार
स्नेहसंमेलनाचा पडदा बांधला. खण पुढच्या शनिवारी.

३ फेब्रुवारी, शुक्रवार
नव्या पुस्तकांची पेटी आली. कोकणीचं कपाट वेगळं, मराठीचं वेगळं करा, असं हेडबाई म्हणाल्या. त्यावरून स्टाफरूममध्ये मराठीवाले आणि कोकणीवाले असे दोन तट पडले, चहा निवला. दोन्हीकडून मलाच विचारलं, तुम्ही कुणाच्या बाजूचे? म्हटलं, माझ्याकडे कपाट एकच आहे. कुणी हसलं नाही. पेटी बंदच. चौथी ‘ब’ची तासिका याद्या करण्यात गेली. वेळापत्रक सुधारलं. हिरवा पेन संपला.

१७ फेब्रुवारी, शुक्रवार
वत्सलाबाईंची रजा वाढली. आता मी दुसरी, घंटा, चाचणीचे पेपर छापायच्या स्टेन्सिली आणि उरलेल्या वेळात ग्रंथपाल. मधल्या सुट्टीत मनीषा दारात. फॉर्म कुठे, विचारलं. म्हणाली, “सर, मी दिलंय तुमका. तुम्ही खणात ठेवलात.”
मुलांना हल्ली बेधडक खोटं बोलायची सवय लागली आहे. तरी रागावलो नाही. खण बघितला असता, पण घंटा द्यायची होती.

२५ फेब्रुवारी, शनिवार
खण उघडला. भरगच्च. बंद केला. अशी कामं निवांतपणे करायची असतात.

१० मार्च, शुक्रवार
मनीषा परत आली. शिमग्याला गावी जाणार, आणि मग परत येणार नाही; बापाचं काम सुटलं आहे. त्याआधी पुस्तक वाचायचं आहे. अगदी हळू बोलली. मला वाईट वाटलं, खरंच. पुढच्या शुक्रवारी नक्की, असं सांगितलं. नवीन वेळापत्रकात तिच्यापुरती दहा मिनिटं राखली. जांभळा रंग.

१७ मार्च, शुक्रवार
साहेब तपासणीला आले. कपाट बघून खूष, पुस्तकं अगदी कोरी ठेवलीत म्हणाले. सबंध दिवस त्यांच्यामागे फिरलो. मनीषा दोनदा दारात दिसली. हातानेच थांब म्हटलं. सोमवारी आधी तेच काम.

२० मार्च, सोमवार
मनीषा गैरहजर. मधल्या सुट्टीपर्यंत वाट बघितली. मग माझा नियम मीच मोडला. फॉर्मशिवाय कासवाचं पुस्तक काढलं, सायकल काढली, खाणीकडच्या खोल्यांवर गेलो. दाराला कुलूप. शेजारीण धुणं वाळत घालत होती. म्हणाली, “ती शनवारीच गेली गावाक. पोरगी रडा होती. आता परत येवची नाय.”
गावाचं नाव तिला ठाऊक नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं.
शाळा सुटल्यावर कुणी कुठे पाठवलं नाही, म्हणून खण आवरायला बसलो. दोन जुनी वेळापत्रकं निघाली. त्यांच्याखाली फॉर्म. मनीषाचं नाव, आईचा अंगठा, आणि खाली माझ्याच अक्षरात, सहीसकट: मिळाला, १६/१.
मग पुस्तक कपाटात ठेवलं, कुलूप लावलं. सहा वर्षांत एकही हरवलेलं नाही.