लढाईचं स्तोत्र

जबलपूर, मंगळवार, संध्याकाळ

इथल्याच गोरखपूर भागात स्टेलाकडे गेले होते. शाळेपासूनची मैत्रीण, आता महिनाभर उशीवरून मान उचललेली नाही. तिला ते जुनं हिब्रू स्तोत्र ऐकायचं होतं. देव लढाई जिंकून राजासारखा येतो आणि नगराच्या दरवाजांना माना वर करायला सांगतात, ते. तिचा मुलगा म्हणतो, "आंटी, कुछ शांतिवाला पढ़िए ना."

काहून? आजाऱ्याला फक्त अंगाईच ऐकवायची? शाळेत नन हेच स्तोत्र आम्हाला माना खाली घालून म्हणायला लावत. तेव्हाही मला राग यायचा.

"तू बाहेर बस," म्हटलं आणि उभी राहून वाचलं. हा राजा कोण, असं विचारतात तिथे स्टेलाने मान उचलली. दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं. तरी मी बाजूला सरकले, वाट दिली.