आजोबा, परत चुकलात!

प्रिय बोटीवरचे साहेब,

अहो, ऐका तर! लेकीला शिकवणी लावायची नाही, ठरलं! काल क्लासच्या बाईंकडे निघाले, चपला घालतेय तर आतून आवाज आला, "आजोबा, परत चुकलात! आधी छेद सारखे करा!" माझ्यासमोर त-त-प-प करणारी पोर चक्क तुमच्या बाबांना अपूर्णांक शिकवत होती, तेही दरडावून! आणि बाबा मुद्दाम चुकत होते हो! मी आनंदाने आत डोकावले, तर हिची बोलतीच बंद! तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आता तिच्या अभ्यासाच्या वेळी मी बाहेर फिरायला जाणार.

पत्र मात्र पाठवत नाही. "तिच्या मानगुटीवरून उतर," हे तुम्ही जातानाच म्हणाला होतात.

तुमची,
खाली उतरलेली