फुप्फुसातल्या तीन पोकळ्या

४ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आधी खाली बस, मग वाच. खोकल्यातून रक्त पडलं म्हणून छातीचा फोटो काढला, तर फुप्फुसात तीन पोकळ्या दिसल्या. आमच्या डॉक्टरांनी टीबीच्या गोळ्या दिल्या, त्याला दोन महिने झाले. थुंकीत जंतू एकदाही सापडले नाहीत, ताप हटत नाही, शिलाई मशीन चालवताना दम लागतो. आता ते कॅन्सरचंही नाव काढतात. हिला अजून सांगितलेलं नाही. तुलाही कळवणार नव्हतो. वर्ग वाऱ्यावर सोडून धावत येशील.

लोभ आहेच, धीरही पाठव.
तुझा धाकटा

९ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

दोन महिने गप्प बसलास, शहाणाच आहेस! आमच्या मुख्याध्यापिकेला बरं करणाऱ्या छातीच्या डॉक्टरीणबाई तुझ्याच शहरात असतात. सोमवारची वेळ घेतली आहे. नुसते रिपोर्ट नकोत, फोटोही ने. आणि बायकोला आजच सांग, तिला सोबत ने. असलं लपवून तू तिला परकं करतो आहेस.

माया कमी होणार नाही, पण कान धरायला मी येईन.
तुझी ताई

२० एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुटक सांगितलं होतं, आता सगळं लिहितो. बाई फोटो दिव्यावर लावून कितीतरी वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, पोकळी हे काही आजाराचं नाव नव्हे; टीबी, पू, बुरशी, कॅन्सर, कशानेही ती पडते. मग विचारलं काय, तर नाकाचं! मी हसलो. पण ही चटकन म्हणाली, की वर्षभर यांच्या नाकात खपल्या धरतात आणि हल्ली उजव्या कानाने ऐकू येत नाही.

बाईंनी लगेच लघवी तपासायला लावली. तीत डोळ्यांना न दिसणारं रक्त निघालं. पुढे रक्ताची खास तपासणी झाली, फुप्फुसाचा बारीक तुकडा तपासला, तेव्हा पक्कं झालं: माझीच प्रतिकारशक्ती माझ्या रक्तवाहिन्यांवर उठली होती. आणखी उशीर झाला असता तर मूत्रपिंडं गेली असती.

मी पहिल्या डॉक्टरांवर भडकलो. बाई म्हणाल्या, टीबीची शंका घेतली ते बरोबरच. गोळ्या लागू पडेनात तेव्हा पुन्हा विचार करायला हवा होता. बाईंनी स्वतः फोन करून त्या डॉक्टरांना सगळं सांगितलं, आवाज न चढवता.

नव्या फोटोत दोन पोकळ्या बुजल्यात, तिसरी काजाएवढी उरलीय. औषधं बरेच दिवस घ्यायची आहेत. आज आभार मानायला गेलो, तर बाईंनी हिला आधी बसवलं आणि म्हणाल्या, मी नुसतं विचारलं, उत्तर तुमच्याकडे होतं. घरी आलो. दार उघडलं आणि हिला रडू फुटलं. मग मलाही.

तुझी माया अशीच हक्काची राहू दे.
तुझा धाकटा