मापाची पोलकी

शिरगाव, ता. कऱ्हाड
२ डिसेंबर १९७५

प्रिय उमा,

तुझं रागाचं पत्र पोचलं. रागातसुद्धा अक्षर सुरेख आहे. ते आईवर गेलंय असं म्हणालो असतो, पण तिला सहीपुरतंच येतं, तेव्हा श्रेय मी घेतो. तुमच्या आहाराच्या पाहणीसाठी मी गावाची मापं धाडली, त्यावरून तू विचारतेस, शिरगावच्या बायकांचे दंड एवढे भरदार कसे, पुरुषांच्या कंबरा एवढ्या बारीक कशा, आणि एवढ्या नावांत आईचंच माप का नाही. तुझे मोठे डॉक्टर मुंबईत बसून म्हणतात, या गावात काय खातात ते एकदा बघायला जायला हवं. त्यांना आधी थोपव. आईचंही सांगतो, पण मला माझ्या चालीनं येऊ दे.

तू टपालानं टेप आणि कार्डं धाडलीस, तेव्हा मला वाटलं, सुभेदारी केलेल्या माणसाला यात काय अवघड? पुरुषांना मारुतीच्या देवळापुढं बोलावलं. टेप दिसताच सगळे न सांगता ओळीत उभे राहिले. आपल्या गावात अंगाला टेप लागते ती एकाच कामासाठी, ती म्हणजे पलटणीची भरती. नाथाजी हवालदाराला पेन्शन घेऊन जमाना झाला, पण टेप कंबरेला लागताच त्यानं छाती काढली आणि पोट पाठीला नेऊन चिकटवलं. मी म्हटलं, गड्या, श्वास सोड. तर दातांतल्या दातांत म्हणतो, “आदी आकडा लिवा सुभेदार, मग सोडतो.” नानासोचं पोट तर तुला ठाऊक आहे, पाहुणे त्यालाच आधी ओळखतात. ते कुठं गेलं देव जाणे. आकडा लिहून झाल्यावर त्यानं श्वास सोडला आणि माझ्या हातातली टेप सुटली. दंडाची तऱ्हा आणखी वेगळी. तालमीतला गाव आपला, दंड दाखव म्हटल्यावर बेटकुळी काढायची नाही तर काय करायचं? ज्ञानूनं तर “वाईच थांबा, चार जोर मारून येतो” म्हणून मला ताटकळत ठेवलं. शेवटी सगळे घोळका करून विचारायला लागले, पास किती झाले? माझं माप मी स्वतःच घेतलं. त्याबद्दल जास्त खोलात शिरू नकोस.

बायकांचं काम मी तुझ्या आईवर सोपवलं. इथं घोटाळा झाला, पण त्यात तिचा दोष नाही, रीतच तशी आहे. ज्योतिबा शिंप्यानं जन्मात कधी बाईच्या अंगाला टेप लावली नाही. मापाचं म्हणून एक पोलकं द्यायचं, त्यावरून तो नवं शिवतो. तुझी आई म्हणाली, “टेप लावून बायकांची काय भरती करायची हाय? मापाची पोलकी मागवते, त्यात दंड बी आला आन् छाती बी आली.” दुसऱ्या दिवशी घरात पोलक्यांचं गाठोडं. आता अंगाबरोबरचं, रोजचं पोलकं कोण देईल? ते घालायला लागतं. साळूबाईनं बाळंतपणातलं दिलं, डिंकाचे लाडू खाऊन दंड भरले होते तेव्हाचं. बनुबाईनं सुनेचं दिलं, कारण तिचं स्वतःचं दांडीवर वाळत होतं. मी बाजेवर एकेक बाही पसरली, टेपेनं मोजली, दुप्पट करून कार्डावर लिहिली. गणितात कुठं चूक सापडली तर सांग! परत देताना मात्र अदलाबदल झाली, आणि दोन घरं अजून एकमेकांशी बोलत नाहीत.

त्या गाठोड्यात तुझ्या आईचंही होतं, हिरव्या खणाचं. ते मापायचं राहिलं होतं तेवढ्यात ती आटपाडीला गेली, तुझ्या लालासाहेबमामाच्या नातवाच्या बारशाला. परत आली तेव्हा मी फाट्यावर उतरवून घ्यायला गेलो. एसटीची पायरी उंच, तिच्या दोन्ही हातांत पिशव्या, म्हणून मी तिचा दंड धरला. चारचौघांत तिला हात लावायची माझी ती पहिलीच वेळ असेल. धरला आणि माझा अंगठा पलीकडच्या बोटांना जाऊन लागला, उमा. पदराखाली कधी दिसलं नाही, आणि मी कधी बघितलं नाही. घरी येऊन ते हिरवं पोलकं मोजलं. जो आकडा आला तो पूर्वीच्या भरल्या दंडाचा, तो काही मला तुझ्या कार्डावर लिहिता आला नाही.

तेव्हापासून मी बघतोय. भाकरी नीट खाते, तरी अंग उतरतंय. तहान तर एवढी, की हातातला तांब्या सुटत नाही. मी टेप घेऊन गेलो तर हसून म्हणाली, “आवं, मला काय पलटणीत धाडताय व्हय?” आणि चुलीपाशी निघून गेली. कऱ्हाडच्या दवाखान्याचं नाव काढलं की कामं आठवतात. वर मलाच दम, “पोरीला कळवू नगा, तिच्या डोक्याला लय कामं हाईत.” मी पलटणीत पुष्कळ काही पाहिलं. पण हे बघून मला भीती वाटते, आणि हे मी घरात कुणाला सांगू शकत नाही. म्हणून तुला सांगतोय.

तिला स्वतःसाठी तपासून घे म्हटलं तर ती आयुष्यात घेणार नाही. तुझं काम अडलंय म्हटलं तर अंगातलं रक्तसुद्धा काढू देईल. म्हणून तर गावची सगळी फजिती तुला बयाजवार लिहिली. आता तू एवढंच कर. मला उत्तर पोस्टकार्डावर धाड, कारण कार्ड आधी पोस्टमन वाचतो, मग आईला वाचून दाखवतो. चांगलं रागावून लिही. आबांनी सगळ्या मापांचं वाटोळं केलं, मोठे डॉक्टर संतापलेत, आता मला स्वतः येऊन पहिल्यापासून सगळी मापं घ्यावी लागणार, आणि सुरुवात घरापासून करणार, असं लिही. गावात माझी काय शोभा व्हायची ती होऊ दे. पण हे पत्र मिळताच कार्ड टाक, आणि त्याच्या मागोमाग तू ये.

तुझाच,
आबा