रुचिताचं चाचणीपुरतं खातं

६ जानेवारी
विद्यापीठाने विचारलंय, आपलं कॉलेज क्लाउडवर जायला तयार आहे का? उत्तर मी द्यायचं — कॉम्प्युटर शिकवते म्हणून! तोवर मुलांना चाचणीपुरती खाती मिळालीत. नोट्स, लेक्चरचे व्हिडिओ, गृहपाठ, सगळं तिथेच, नेटवरून उघडायचं.

१४ जानेवारी
सकाळपासून नेट नाही. रस्ता खोदताना केबल तुटली म्हणे. ऑफिसातले बाळाजी म्हणाले, "मॅडम, आपलं फायलींचं कपाटच बरं. निदान चावी तरी खिशात असते." मी हसले. आजचे तास फळ्यावरच घेतले.

२२ जानेवारी
कोण किती वापरतंय ते पाहिलं. प्राध्यापक — जवळजवळ कोणी नाही. मुलं अधूनमधून. रोज न चुकता एकच नाव, रुचिता. दुसऱ्या वर्षाची. पण ती तर दिवाळीनंतर लग्न होऊन खाडीपलीकडे रेवसला गेली, कॉलेज सुटलं! खातं तेवढं पटावरच्या नावाने निघालं. तिच्या नावावर दुसरंच कोणी बसतंय की काय? फोन केला.

"मीच आहे, मॅडम. दुपारी कामं उरकली की करते. घरी सांगितलं नाहीये. बंद नका ना करू!" अगदी दबक्या आवाजात.

तिचे गृहपाठ उघडले. सगळे पूर्ण. कोणी एकही तपासलेला नाही — मीसुद्धा नाही! आज बसून तपासले.

३ फेब्रुवारी
प्राचार्यांना 'तयार' असं लिहून हवंय. इतर कॉलेजांनी तसंच लिहिलंय म्हणे. "एका शब्दाचा तर प्रश्न आहे, भार्गवी!"

मी खरं ते लिहिलं. नेटचा भरवसा नाही, जनरेटर नाही, शिक्षकांना कोणी शिकवलेलं नाही. तयार नाही. खाली एक ओळ घातली — एक विद्यार्थिनी या खात्यामुळेच शिकू शकतेय. नाव नाही घातलं. घरी कळलं तर?

प्राचार्यांनी सही केली नाही; माझ्याच सहीने पाठवलं.

१७ फेब्रुवारी
विद्यापीठाने माझं म्हणणं मानलं. इतकं मानलं की चाचणीच काढून घेतली! सगळी खाती बंद. विनवणी केली तर तिथले साहेब म्हणाले, "तुम्हीच तर नाही म्हणालात."

रुचिताला फोन लावला. वाजतो, उचलत नाही. खोटं लिहायला हवं होतं का? नाही. तरी दिवसभर कशात लक्ष लागलं नाही.

२० फेब्रुवारी
अजून उचलत नाही.

२५ फेब्रुवारी
रुचिता आली! लाँचने खाडी ओलांडून, सोबत सासू — सोनूबाई. भांडायलाच आल्या, असं वाटून मी उभीच राहिले.

सोनूबाई म्हणाल्या, "आठ दिस ही कोणाशी बोलली न्हाय. इचारलं तवा रडून सांगितलान. बाई, तुमचं ते बंद झालं तर होऊ दे. मी हिला रोज लाँचीत बसवीन. पोरगा काय बोलला तर त्याला मी बघते. हिचं नाव हाय ना अजून पटावर?"

बाळाजी बुडालेल्या हजेरीचं काही बोलायच्या आत मी म्हटलं, "आहे."