सेवकरामजींच्या नावाचे दोन घास

४ नोव्हेंबर, भंडारा

आले एकदाची! सांगलीच्या आहारतज्ज्ञ बाईंना इथल्या अतिदक्षता विभागात खुर्ची मिळाली, तीही खिडकीजवळची. काम आवडीचं: कोणता रुग्ण आजारापेक्षा उपासमारीनंच खंगेल, हे आधी ओळखायचं. सर्वांत धोक्यात आसगावचे सेवकरामजी. बेशुद्ध, तोंडात श्वासाची नळी, नाकातून पोटात दुसरी. दंड माझ्या मनगटाएवढा. त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई तरीही रोज डबा आणतात. घरचा माणूस जेवू शकत नसेल तर त्याचा वाटा दुसऱ्यानं जेवायचा, ही त्यांच्या घरची रीत. "त्यायच्या नावानं दोन घास खा, मॅडम." नर्स स्वातीनं डोळ्यांनी नको म्हटलं. मी कसली ऐकतेय? भात नि वांग्याची भाजी चाटूनपुसून खाल्ली.

५ नोव्हेंबर

नळीतून पातळ अन्न सोडण्याआधी पोटात किती उरलंय ते पिचकारीनं ओढून बघतात. आज दुधाळ पाण्याऐवजी चावलेला भात आला, लाळेची तार धरलेला, वांग्याच्या बियांसकट. शी! नातेवाइकांनी भरवलं असणार म्हणून मी ओरडले. स्वाती म्हणाली, तोंडात नळी असताना कोंबतील कुठून? सत्यभामाबाई मात्र खूश. "पोटात गेलं न बापा!"

७ नोव्हेंबर

सकाळी खोलीवर पोहे खाल्ले, वर डाळिंबाचे दाणे. दुपारी पिचकारीत तेच. पोह्यांचा लगदा, फुटके लाल दाणे आणि माझ्या बडीशेपेचा वास. मोरीत ओकायला गेले, पोटातून काहीच वर आलं नाही. सेवकरामजींचे गाल भरलेत. डॉक्टर माझी पाठ थोपटतात. माझी सलवार नाडी आवळूनही घसरते.

९ नोव्हेंबर

सत्यभामाबाईंचे पाय धरले, सोडवा म्हटलं. त्या म्हणाल्या, एकदा वाटा उचलला की माणूस उठून स्वतः जेवेपर्यंत उचलायचा. मग मी उपासच धरला. काही खाल्लंच नाही तर—

तरी आलं. गुलाबी चिकट पाणी, त्यात पातळ सालं. मी तोंडात जीभ फिरवली. माझा गाल आतून सोललेला—

१० नोव्हेंबर

कामावर गेले नाही. कडी लावून बसलेय. रक्ताची चव जात नाही, थुंकलं तरी—

स्वातीचा फोन. सेवकरामजी शुद्धीवर आले. तोंडातली नळी काढली. "मॅडम, तोंडात काहीच नाही, तरी बुढा चावूनच राहिला."

माझ्याही तोंडात काही नाही. फक्त जीभ, आणि ती आता—