शेपटीचं अक्षर

४ फेब्रुवारी
चौकोन. पानापानावर रिकामे चौकोन — छापखान्याच्या बाईंचा सकाळीच फोन. "तुमच्या फाइलीत ते एक अक्षर आमच्याकडे उमटतच नाहीये हो."
माझ्या कॉम्प्युटरवर व्यवस्थित दिसतं. मामंजींच्या जुन्या लिपीतलं शेपटीचं अक्षर. कीबोर्डवर त्याला जागा नाही. खास फॉन्ट घालून घेतला आणि दर वेळी त्या चिन्हांच्या यादीत शिरून, खाली सरकत सरकत, शोधून एकेक टाकलं. तीनशे बारा पत्रं, दोन वर्षं. मनगट कामातून गेलं.
मामंजींना काही बोलले नाही. पडदा म्हणजे त्यांना आता नुसता उजेड दिसतो.

६ फेब्रुवारी
छापखान्यात जाऊन आले. बाई भल्या आहेत, पण घाईत. "दोन्ही अक्षरं इतकी सारखी. सगळीकडे साधंच घालून टाका. कुणाला काय फरक पडतोय?"
घरी येऊन मामंजींना आडून विचारलं, फरक खरंच किती पडतो? पडल्या पडल्या कोपरावर उठले.
"शेपटी असली की 'आहे'. नसली की 'होती'. एवढाच फरक. सत्तेचाळिसावं पत्र काढ. बाप भावाला लिहितो — मुलगी घरी आहे. आता शेपटी काढ. मुलगी घरी होती. सांग, काय फरक पडतो?"
सासरे नाही, मास्तरच ते.
मूळ पत्रं ग्रंथालयाच्या आगीत गेली, चाळीस वर्षं झाली. त्याआधी मामंजींनी दोन उन्हाळे तिथे बसून वह्यांत उतरवून घेतली म्हणून वाचली. लिपी येणारे त्यांच्याबरोबरचे दोघेही आता नाहीत. मला अक्षरं ओळखता येतात. अर्थ लागतो तो शंभरात दहा शब्दांचा.

७ फेब्रुवारी
बाईंनी नवा फॉन्ट पाठवला. फोनवर सांगितलं तसं केलं — वरच्या चौकटीत जुनं अक्षर, खालच्या चौकटीत नवं, मग 'सगळे बदला'. खालच्या चौकटीत शेपटी दिसेना, साधंच दिसत होतं. मला वाटलं, चौकट लहान आहे म्हणून तसं दिसत असेल, आत बरोबर असेल. दाबलं. १,१४६ ठिकाणी बदल झाला म्हणून पाटी आली. चौकोन गेले! इतकं बरं वाटलं. तीच फाइल पेनड्राइव्हवर जुनीच्या जागी टाकली, सगळं बंद केलं, चहा केला.
संध्याकाळी सत्तेचाळिसावं पत्र उघडलं. शेपटी नाही. पुढच्यात नाही. मागच्यात नाही. एकाही पानावर नाही.

८ फेब्रुवारी
लिहायला हात धजत नाही, पण इथे नाही लिहिलं तर कुठे लिहू.
छापखान्यातली जुनी फाइल बाईंनी नवी येणार म्हणून पुसून टाकलीय. आणि वह्याही नाहीत.
गेल्या वर्षी मामंजींचा पलंग बाहेरच्या खोलीत आणला तेव्हा कपाट काढावं लागलं. त्यातल्या नऊ वह्या मी रद्दीत दिल्या. माझ्या हातांनी. "टाइप झालंय सगळं, आता कशाला हव्यात" — असं मीच ह्यांना म्हणाले होते. मामंजींना वाटतं, वह्या माळ्यावर आहेत.

९ फेब्रुवारी
ह्यांना सांगितलं. नळ बंद केला. मग म्हणाले, "बाबांना सांगू नकोस. आहे तसं छापू दे. त्यांना कुठे दिसणार आहे?"
तेच तर घशाखाली उतरत नाही.

१० फेब्रुवारी
रद्दीवाल्याकडे गेले. माणूस ओळखीचा. म्हणाला, "ताई, वर्ष झालं. त्याचा लगदा होऊन त्याची खोकीसुद्धा झाली असतील." बसायला स्टूल दिलं. बसले थोडा वेळ. आले.

१२ फेब्रुवारी
सांगून टाकलं. पलंगाशी जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं — चौकट, रद्दी, माळा. पन्नाशीची बाई मी, पण रडू असं फुटलं की शब्द धड बाहेर येईनात.
त्यांचा हात माझं डोकं शोधत आला, कानाला लागला, तिथेच राहिला.
"किती जागा?"
"अकराशे शेहेचाळीस."
"पहिलं पत्र उघड. ओळ वाच, आणि ते अक्षर आलं की थांब."
वाचलं. थांबले. "शेपटी," म्हणाले. पुढे वाचलं. "साधं." पुढे. "साधं. मग शेपटी."
तोंडपाठ! चाळीस वर्षांनी!

१५ फेब्रुवारी
सकाळचं औषध झालं की बसतो. रोज साताठ पत्रं. ते सांगतात, मी घालते. जेवण जरा जातंय मला.

१८ फेब्रुवारी
सत्तेचाळिसावं. वाचायचा अवकाश, "शेपटी" म्हणाले. घातली. मुलगी घरी आहे.

२४ फेब्रुवारी
मामंजींची धाप वाढली. डॉक्टरांना दारापर्यंत सोडायला गेले. "दिवस विचारू नका," एवढंच म्हणाले. आत आले तर मामंजी म्हणतात, "चल, आज दोन तरी पत्रं करू."

२७ फेब्रुवारी
एकच पत्र.

३ मार्च
एकशे अठरावं. 'पुरलं' हा शब्द मला आता ओळखता येतो. एक माणूस लिहितो, धाकट्या भावाला पुरलं. पुढच्याच ओळीत भाऊ, आणि आपलं अक्षर. मामंजी म्हणाले, "शेपटी."
"मामंजी, वर पुरल्याचं आलंय ना."
"मग साधं."
फार चटकन म्हणाले. दिवसभर कानात राहिलं.

५ मार्च
वाईट वागले. त्यांना न सांगता दहावं पत्र परत वाचून दाखवलं. तीन आठवड्यांपूर्वी त्यात पाच शेपट्या घातल्या होत्या. आज दोन सांगितल्या, त्याही भलत्याच ठिकाणी.
मग सोळावं वाचलं. तेच.
आजार डोक्यापर्यंत गेला असेल. औषधांनीही होत असेल. सुरुवातीला नक्कीच आठवत होतं — त्यातलं कुठपर्यंतचं खरं धरू? तिसाव्या पत्रापर्यंत? साठाव्या? कोण सांगणार? ज्यांना विचारायचं, ते हेच.

६ मार्च
आजही वाचलं. आजही सांगितलं त्यांनी. मी काहीच घातलं नाही, नुसती बोटं कीबोर्डवर आपटत राहिले, आवाज यावा म्हणून.

८ मार्च
हे म्हणाले, "बाईंना नाही म्हणून कळवून टाक." कळवलं. बाई म्हणाल्या, "अहो, मुखपृष्ठ तयार आहे."

९ मार्च
सकाळी मामंजी वाट बघत होते. कॉम्प्युटर लावला नाही. जवळ बसले आणि विचारलं, "कुठपर्यंतचं नीट आठवत होतं तुम्हाला?"
डोळे मिटलेलेच होते. "कुठलंच नाही. पहिल्या दिवसापासून नाही."
"मग सांगत का होतात?"
"तू रडायची थांबत नव्हतीस."